इन्सुलिन : आरोपी की साक्षीदार?

श्रोतेहो, कार्यकारणभावावरचे हे आपले तिसरे व्याख्यान. मागच्या दोन्ही वेळी उदाहरणे शास्त्रग्रंथांतली होती. कुंभार, त्याचे गाढव, डोंगरावरचा धूर. व्याख्यान संपल्यावर दोघातिघांनी विचारले, की सर, ही गाढवं आजच्या जगात कुठे भेटतात? भेटतात, पुष्कळ भेटतात. आज आपण असे एक उदाहरण घेऊ, की जे इथे बसलेल्या पुष्कळांच्या खिशात गोळ्यांच्या पाकिटाच्या रूपाने असेल.

आपल्याकडे घरोघर दोन वाक्ये ऐकू येतात. पहिले : 'इन्सुलिन कमी पडतं म्हणून मधुमेह होतो.' दुसरे, अलीकडचे : 'इन्सुलिन जास्त झालं म्हणून वजन, मधुमेह आणि हार्ट ॲटॅक.' एकच माणूस सकाळी पहिले म्हणतो आणि संध्याकाळी दुसरे. म्हणजे बघा, एकाच पदार्थावर कमतरतेचाही आरोप आणि अतिरेकाचाही. न्यायालयात असा खटला पहिल्याच दिवशी बारगळला असता. आणि तरी दोन्ही वाक्यांमागे खरे, मेहनतीने केलेले संशोधन आहे. ते संशोधन जे सांगते त्यातून ही वाक्ये निघतात का, एवढेच आज आम्हाला तपासायचे आहे. कोणते औषध घ्यावे हा आमचा प्रांत नाही. अनुमान कसे करावे हा आहे.

आधी थोडी वस्तुस्थिती. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी आधी प्रोइन्सुलिन नावाचा एक लांब रेणू बनवतात. तो कापला की दोन तुकडे पडतात, एक इन्सुलिन आणि दुसरा सी-पेप्टाइड. जितके इन्सुलिन तितकेच सी-पेप्टाइड. हे इन्सुलिन थेट सगळ्या शरीरात जात नाही, आधी यकृतात जाते आणि यकृत त्यातला साधारण निम्मा भाग पहिल्याच फेरीत काढून घेतो. तेव्हा दंडातून रक्त काढून आपण जे मोजतो ते 'उत्पादन' नव्हे. उत्पादन वजा यकृताची कपात, असा तो शिल्लक आकडा असतो. यकृतात चरबी साठली की ही कपात कमी होते आणि उत्पादन तेवढेच राहूनही रक्तातला आकडा वाढतो. हा भेद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३६ मध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ या इंग्रज डॉक्टरांनी दाखवले की मधुमेही दोन प्रकारचे असतात. काहींना टोचलेले इन्सुलिन लगेच लागू पडते, काहींना पडत नाही. पण तेव्हा रक्तातले इन्सुलिन मोजायची नीट सोय नव्हती. ती सोय झाली १९५९-६० च्या सुमारास. न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खुणेची पद्धत काढली. यॅलोबाईंना १९७७ मध्ये नोबेल मिळाले, बर्सन त्याआधीच गेले होते. त्यांना असे आढळले की प्रौढवयात मधुमेह झालेल्या पुष्कळ लोकांच्या रक्तात इन्सुलिन आहे, कधीकधी निरोगी माणसापेक्षा जास्तच आहे. इथून इन्सुलिनची प्रतिमा बदलली. तोवर ते फक्त संजीवनी होते, आता त्याच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. १९७९-८० च्या सुमारास हेलसिंकीचे पोलीस आणि पॅरिसचे सरकारी नोकर यांच्यावरचे दीर्घ अभ्यास छापून आले. ज्यांच्या रक्तात इन्सुलिन जास्त, त्यांच्यात पुढे हृदयविकार जास्त.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १९८८ साली स्टॅनफर्डचे जेराल्ड रीव्हन यांनी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचे बँटिंग व्याख्यान दिले. आज परीक्षण करायचे ते या व्याख्यानाचे, आणि त्यातून लोकांनी जे घेतले त्याचे.

रीव्हन यांचे व्याख्यान ही आमच्या मते गेल्या शतकातल्या वैद्यकीय लेखनातली एक फार सुंदर मांडणी आहे. ते म्हणाले : काही माणसांचे स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओतून साखर आटोक्यात ठेवते. जोवर हे जमते तोवर माणसाला मधुमेह नसतो. जमेनासे झाले की मधुमेह. पण मधुमेह होवो न होवो, या माणसांत काही गोष्टी एकत्र नांदतात : जास्त इन्सुलिन, जास्त ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल कोलेस्टेरॉल, वाढलेला रक्तदाब, थोडी बिघडलेली साखर. या झुंडीला त्यांनी 'सिंड्रोम एक्स' म्हटले आणि हृदयविकाराचे मूळ इथे असावे असे सुचवले. आणि त्यांनी लठ्ठपणा या यादीत घातला नव्हता, बरं का. दाद न देणारे स्नायू बारीक माणसातही असू शकतात, हे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडच्या लोकांनी तर हे वाक्य भिंतीवर लावावे. का, ते पुढे येईलच.

त्यांच्या युक्तिवादाची सर्वांत बळकट बाजू आधी मांडली पाहिजे, नाहीतर टीका करण्यात अर्थ नाही. शरीराचे सगळे अवयव सारखेच बहिरे होत नाहीत. स्नायू इन्सुलिनचे ऐकत नाहीत, पण मूत्रपिंड ऐकते आणि मीठ धरून ठेवते. यकृत साखर बनवणे थांबवत नाही, पण चरबी बनवण्याचा हुकूम मात्र पाळत राहते. म्हणजे स्नायूंसाठी म्हणून जो आवाज चढवला, तो इतरांच्या कानठळ्या बसवतो. हे शक्य आहे, आणि काही अंशी तसे घडतेही.

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. पाइप कुठेतरी फुटला आहे. वरच्या मजल्यावर पाणी पोचत नाही म्हणून मोटर जास्त वेळ चालवतात. भिंतींना ओल येते. आता कोणी मोजमाप केले तर त्याला काय दिसेल? ज्या सोसायटीत मोटर जास्त चालते, त्या सोसायटीच्या भिंती ओल्या. मग मोटर दोषी का? दोष पाइपचा आहे. मोटर जास्त चालली की फुटलेल्या जागेतून जास्त पाणी गळते हेही खरे, म्हणून मोटरला अगदी निर्दोष म्हणता येत नाही. पण मोटर बंद केली तर भिंती कदाचित सुकतील आणि चौथ्या मजल्यावरचे लोक तहानलेले राहतील. आणि वर्षानुवर्षे ओढून मोटर जळाली, की पाणीच नाही. हीच ती अवस्था, जिला आपण मधुमेहाचे निदान म्हणतो. ब्रिटनच्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाच्या गणिताने निदानाच्या दिवशीच बीटा पेशींची क्षमता निम्म्यावर आलेली दिसली, आणि पुढे ती उतरतच गेली. तेव्हा 'जास्त' आणि 'कमी' ही एकाच मोटरीच्या आयुष्यातली दोन वर्षे असू शकतात. इतकेच काय, एकाच दिवशी इन्सुलिन आकड्याने जास्त आणि गरजेच्या मानाने कमी, असेही असू शकते. आमच्या दोन घरगुती वाक्यांतला विरोध इथे बराचसा विरघळतो. उरतो तो हृदयावरचा आरोप.

इथे एक अडचण अशी, की ज्याला 'जास्त इन्सुलिन' म्हटले ते खरोखर इन्सुलिन होते का? यॅलो-बर्सन पद्धतीला इन्सुलिन आणि प्रोइन्सुलिन यांतला फरक कळत नसे, दोन्ही ती एकत्र मोजायची. थकलेल्या बीटा पेशी अर्धवट कापलेला माल जास्त बाहेर टाकतात. १९८९ मध्ये केंब्रिजच्या निकोलस हेल्स यांच्या गटाने फक्त इन्सुलिनच मोजणारी पद्धत वापरली, आणि प्रौढवयातल्या मधुमेहात खऱ्या इन्सुलिनची कमतरताच दिसली. लक्षात घ्या, रीव्हन यांचे व्याख्यान १९८८ चे, हा शोधनिबंध १९८९ चा. एका वर्षात शब्दाचा अर्थ सरकला, पण शब्द तोच राहिला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही तीस वर्षे हेच सांगत आलो, की नाव एक असले म्हणून वस्तू एक ठरत नाही. मुलांना ते फार कोरडे वाटायचे. अर्थात या शोधाने रीव्हन खोटे ठरत नाहीत. मधुमेह नसलेल्या, प्रतिरोध असलेल्या माणसांत खरे इन्सुलिनही जास्त असतेच. १९९६ मध्ये क्वेबेकच्या पुरुषांवर अचूक पद्धतीने मोजमाप झाले, आणि तिथेही उपाशीपोटीचे इन्सुलिन पुढच्या हृदयविकाराशी जुळले. सहचार खरा आहे. प्रश्न सहचाराचा नव्हताच.

आपल्या नैयायिकांनी यासाठी एक नेमका शब्द दिला आहे, उपाधी. 'धूर आहे म्हणून अग्नी आहे' हे अनुमान चालते. पण उलटे, 'अग्नी आहे म्हणून धूर आहे' हे चालत नाही, कारण धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. ओले लाकूड ही इथली उपाधी. ती सिद्ध करायला नैयायिक काय दाखवतो? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही. म्हणजे नुसती यादी वाढवून भागत नाही, हजार चुली दाखवल्या तरी नाही. एक लोखंडाचा गोळा शोधावा लागतो.

मग इन्सुलिनच्या बाबतीत लोखंडाचा गोळा कुठला? एक तर निसर्गानेच दिला आहे. स्वादुपिंडात इन्सुलिनोमा नावाची दुर्मीळ गाठ होते, ती बेलगाम इन्सुलिन ओतते. या रुग्णांना साखर उतरण्याचा त्रास होतो, भान हरपते. पण त्यांचा रक्तदाब इतरांपेक्षा वाढलेला आढळत नाही. अग्नी भरपूर, धूर नाही. दुसरीकडे टाइप वनचे रुग्ण पाहा. त्यांचे स्वतःचे उत्पादन जवळजवळ शून्य, आणि हृदयविकाराचा धोका तरीही इतरांपेक्षा बराच जास्त. धूर आहे, पण ज्याच्यावर संशय घेतला तो अग्नी त्या चुलीत पेटलेलाच नाही. यावर कोणी म्हणेल, की हे लोक बाहेरून इन्सुलिन घेतात. घेतात. मग बाहेरून देऊनच पाहायला हवे.

ते पाहिले गेले आहे, आणि चांगले पाहिले गेले आहे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या यूजीडीपी अभ्यासाने खळबळ उडवली. टॉल्ब्युटामाइड या इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळीवर असलेल्या २०४ जणांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी २६ मृत्यू, आणि खोट्या गोळीवरच्या २०५ जणांत १०. झालं, इन्सुलिन वाढवले की हृदय जाते! पण त्याच अभ्यासात इन्सुलिन टोचून घेणारे गटही होते, आणि त्यांच्यात असे जादा मृत्यू दिसले नाहीत. म्हणजे दोष असलाच तर त्या गोळीचा, तिने बाहेर काढलेल्या इन्सुलिनचा नव्हे. उत्तर तिथेच, त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात होते.

१९९८ मध्ये यूकेपीडीएसचे निकाल आले. ३८६७ नवे मधुमेही. एका बाजूला गोळ्या किंवा इन्सुलिनने कडक उपचार, दुसऱ्या बाजूला मुख्यतः आहार. दहा वर्षांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या, म्हणजे प्रामुख्याने डोळे-मूत्रपिंडांच्या तक्रारी २५ टक्क्यांनी कमी झाल्या. हार्ट ॲटॅक १६ टक्क्यांनी कमी दिसले, पण सांख्यिकीची कसोटी अगदी केसाने हुकली : ०.०५ च्या आत हवे होते, ०.०५२ आले. या दोन हजारांश भागावर किती शाई सांडली! आमच्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच आहे. इन्सुलिन वाढवणारे उपचार दहा वर्षे दिले, आणि हार्ट ॲटॅक वाढले नाहीत. २००८ मध्ये त्याच लोकांची पुन्हा पाहणी झाली तेव्हा ते १५ टक्क्यांनी कमीच दिसले, आणि यावेळी कसोटीला उतरले.

याच अभ्यासात वजनदार ३४२ जणांना मेटफॉर्मिन दिले होते. ही गोळी इन्सुलिन वाढवत नाही. त्यांच्यात हार्ट ॲटॅक ३९ टक्क्यांनी कमी झाले. रीव्हन-पंथीयांनी हे डोक्यावर घेतले. पण त्याच शोधनिबंधात आणखी एक छोटा गट आहे, आधीच्या गोळीला मेटफॉर्मिन जोडलेल्यांचा, आणि त्यात मधुमेहाशी संबंधित मृत्यू वाढलेले दिसले. तो गट व्याख्यानांत सहसा येत नाही. आम्ही त्यावरून मेटफॉर्मिनला वाईट म्हणत नाही. सोयीचा रकाना वाचून गैरसोयीचा गाळायची सवय मात्र आम्हाला खटकते.

थेट प्रश्न विचारला तो २००९ च्या बॅरी-टूडी अभ्यासाने. मधुमेह आणि हृदयाच्या रोहिण्यांचा विकार दोन्ही असलेले २३६८ रुग्ण. निम्म्यांना इन्सुलिन पुरवणारे किंवा वाढवणारे उपचार, निम्म्यांना इन्सुलिनची दाद वाढवणारे. रीव्हन-विचार सरळ खरा असता तर दुसरा गट ठळकपणे पुढे जायला हवा होता. पाच वर्षांनी जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण एकीकडे ८७.९ टक्के आणि दुसरीकडे ८८.२. यापेक्षा शांत निकाल आम्ही वाचलेला नाही.

मग २०१२ चा ओरिजिन. १२,५३७ माणसे, मधुमेह नुकता सुरू झालेली किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेली, आणि हृदयाचा धोका असलेली. अर्ध्यांना रोज ग्लार्जिन इन्सुलिन टोचले, सहा वर्षांहून जास्त. ज्यांना अजून इन्सुलिनची निकड नव्हती त्यांनाही. हृदयविकाराचे गुणोत्तर आले १.०२. म्हणजे जवळजवळ बरोबर एक. इन्सुलिनने हृदयाला मारले नाही, तारलेही नाही. वजन थोडे वाढले, साखर उतरण्याचे प्रसंग वाढले, ही किंमत खरी आहे आणि ती लपवू नये. पण आरोप होता खुनाचा, आणि त्याचा पुरावा मिळाला नाही.

अजून एक जोडी सांगतो आणि औषधे संपवतो. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीने हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले. ही गोळी साखर लघवीवाटे घालवते, इन्सुलिनची गरज घटवते. लगेच लोक म्हणाले, पाहा, इन्सुलिन कमी केले की हृदय वाचते. वर्षभरात, २०१६ मध्ये, लिराग्लुटाइडचा निकाल आला. हृदयाच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी. आणि हे औषध काय करते? साखर चढली की इन्सुलिनचा स्राव वाढवते! एक घटवणारे, एक वाढवणारे, दोघेही उपकारक. नैयायिकांच्या भाषेत अन्वयही मोडला आणि व्यतिरेकही मोडला. आता रक्तातल्या इन्सुलिनचा आकडा हे हृदयविकाराचे कारण आहे असे सरसकट म्हणणे म्हणजे मडक्याचे कारण गाढव आहे असे म्हणणे. गाढव दर वेळी मडक्याआधी हजर असते, माती तेच आणते. पण माती हातगाडीवरून आणली तरी मडके होते.

श्रोतेहो, एवढ्यावर थांबलो तर दुसऱ्या पंथाचे लोक खूश होतील. ते म्हणतात, इन्सुलिनचे सोडा, साखर मोजा, साखर उतरवा, हृदय आपोआप वाचेल. त्यांच्यासाठी २००८ चा ॲकॉर्ड अभ्यास पुरे. १०,२५१ रुग्ण, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सहाच्या खाली आणायचा असा एका गटाला चंग. त्या गटात २५७ मृत्यू झाले, सौम्य गटात २०३, आणि कडक उपचार मुदतीआधी थांबवावे लागले. रीव्हन यांचे यश इथे आहे, हे त्यांच्या टीकाकारांनी मान्य करायला हवे. हृदयाचा धोका साखरेच्या आकड्यात मावत नाही, साखर बिघडण्याच्या आधीपासून तो शिजत असतो, हे त्यांनी १९८८ मध्येच सांगितले होते. डेन्मार्कच्या स्टेनो-टू अभ्यासात फक्त १६० रुग्ण होते. तिथे साखर, रक्तदाब, चरबी, धूम्रपान सगळ्यांवर एकाच वेळी काम केले, आणि आठएक वर्षांत हृदय-रक्तवाहिन्यांचा धोका निम्म्यावर आला. ओल्या लाकडाकडे लक्ष दिले, एवढाच फरक.

आणि रीव्हन स्वतः? पुढे 'मेटाबॉलिक सिंड्रोम' या नावाने त्यांच्या झुंडीचे निदान करण्याची फॅशन आली, पाचपैकी तीन खुणा जमल्या की शिक्का मारायचा. तेव्हा त्यांनीच त्याला विरोध केला. त्यांच्या मते ती समजून घेण्याची कल्पना होती, चिकटवायचे लेबल नव्हे. अनुयायांपेक्षा गुरू शहाणा निघण्याची उदाहरणे आमच्या शास्त्रातही पुष्कळ आहेत.

आता आपल्या दारात येऊ. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापून आले. दोन शास्त्रज्ञ शेजारी उभे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. दोघांच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून त्यांनी त्याला वाय-वाय विरोधाभास असे नाव दिले. पुणे परिसरातल्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात हीच गोष्ट नवजात बाळांत दिसली. साधारण २.७ किलोचे बाळ, हातपाय काटकुळे, पण इंग्लंडच्या बाळांशी तुलना करता त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त. म्हणजे ज्याला आपण जिभेच्या चोचल्यांची शिक्षा म्हणतो, त्याची सुरुवात एक घासही न खाल्लेल्या बाळात.

मात्र गोष्ट इथे पुरी होत नाही. २०१८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी ८९८० रुग्णांचे पाच गट पाडले. त्यांतला एक तीव्र प्रतिरोधाचा, त्यात मूत्रपिंड जास्त बिघडतात. एक तीव्र कमतरतेचा, त्यात डोळे. तीच चाळणी पुण्याच्या तरुण वयात मधुमेह झालेल्या रुग्णांना लावली, आणि २०२२ मध्ये निकाल आला, की इथे सर्वांत मोठा गट, निम्म्याहून थोडा अधिक, इन्सुलिनच्या तीव्र कमतरतेचा आहे. लठ्ठपणा नाही, प्रतिरोध प्रमुख नाही, मोटरच लहान आहे. आता विचार करा. अशा माणसाने कुठेतरी ऐकले, की इन्सुलिन हे विष आहे, ते वाढू देऊ नका. त्याच्या अंगात ते मुळातच अपुरे! अमेरिकेतल्या प्रतिरोधी माणसावर बेतलेला सिद्धान्त आपण अंगावर चढवतो, आणि बाह्या लोंबतात.

आपल्या मराठी मुलखात हा विचार लोकप्रिय झाला तो श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून, आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या प्रचारातून. दिवसातून दोनदाच खा, कारण प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवते. दर तासाला बिस्किट-चहा करणाऱ्या समाजाला 'मधले खाणे बंद करा' हा सल्ला हितकारक आहे, आणि वजन उतरले की पुष्कळांची साखर सुधारते, यात वाद नाही. सल्ला आणि त्यामागचे कारण यांची परीक्षा मात्र वेगवेगळी करावी लागते. औषध लागू पडले म्हणून वैद्याने सांगितलेली उपपत्ती खरी ठरत नाही. पुण्याचेच मिलिंद वाटवे यांनी 'डव्ह्ज, डिप्लोमॅट्स अँड डायबेटिस' या २०१२ च्या पुस्तकात आणखी मूलगामी हरकत घेतली आहे. प्रतिरोधालाच मूळ कारण का मानायचे, वागणूक, शारीरिक धडाडी, मेंदू हे आधी का नकोत, असे ते विचारतात. त्यांचा उत्क्रांतीचा डोलारा आम्हाला सगळाच पटत नाही. पण गृहीतकाला गृहीतक म्हणण्याचे धैर्य पटते.

याच लाटेबरोबर उपाशीपोटीचे इन्सुलिन तपासून घेण्याची टूम आली आहे. व्हॉट्सॲपवर आकडे फिरतात, पाचच्या आत पाहिजे, सहाच्या आत पाहिजे. समजा दोन माणसांचे इन्सुलिन ६ आले. एकाची उपाशीपोटीची साखर ८५, दुसऱ्याची १६०. ऑक्सफर्डच्या लोकांनी १९८५ मध्ये दिलेले होमा नावाचे साधे गणित करून पाहा. पहिल्याच्या बीटा पेशींची क्षमता येते ९८ टक्के, दुसऱ्याची २२. पहिल्याला सहा पुरतात म्हणून सहा आहेत, दुसऱ्याला जास्त बनवताच येत नाही म्हणून सहा आहेत. त्यात निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या पद्धती एकमेकींशी जुळतीलच असे नाही. आणि हा दुसरा माणूस कागदावरचा सहा पाहून पेढे वाटतो!

व्याख्यानानंतर जे प्रश्न आले त्यांतला एक इथे नोंदवतो. एका बाईंनी विचारले, की सासूबाईंची साखर गोळ्यांनी आटोक्यात येत नाही, वजन उतरत चालले आहे, डॉक्टर इन्सुलिन घ्या म्हणतात आणि त्या म्हणतात, इन्सुलिनने हार्ट ॲटॅक येतो, मी नाही टोचून घेणार. काय सांगू?

आम्ही त्यांना म्हणालो, बाई, दोन गोष्टी सांगा. एक, साडेबारा हजार लोकांतल्या निम्म्यांना सहा वर्षे टोचून पाहिले आहे, हार्ट ॲटॅक वाढले नाहीत. साखर एकदम उतरू शकते, ती भीती मात्र खरी आहे. ती उतरल्याची लक्षणे त्यांना आणि तुम्हाला, दोघींना, डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, आणि खडीसाखरेची पुडी घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा. दुसरी गोष्ट, वजन उतरत चालले आहे म्हणता. मग सी-पेप्टाइड तपासायचे का, एवढे डॉक्टरांना विचारा. आणि हृदयाचीच काळजी असेल, तर त्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?

बाई म्हणाल्या, दिवाळीच्या आधी.